जुळवून कोणी घ्यायचे?

‘जुळवून घे’ हे मराठी घरातले सर्वांत स्वस्त औषध आहे. सासरी गेलेल्या मुलीला ते दुरून पाठवले जाते, शहरात मुलाकडे राहायला गेलेल्या म्हाताऱ्या वडिलांना ते शेजारी आणून देतात, आणि नव्या शाळेत घातलेल्या पोराला ते दारातच पाजतात. गुण आला की नाही हे फारसे कोणी विचारीत नाही. रोगी गप्प बसला की गुण आला, असे समजण्याची आपली रीत आहे. दिवाळीच्या दिवसांत घरोघर माणसे जमतात, आणि मग या औषधाचा खप विशेष वाढतो.

या उपदेशात एक गंमत आहे. जुळणे ही क्रिया दोघांची, पण आज्ञा मात्र नेहमी एकवचनी असते. ‘तुम्ही दोघे जुळा’ असे क्वचितच ऐकू येते. ‘तू जुळवून घे’ हेच बहुधा कानावर पडते. हा ‘तू’ कोण, हे कोणी आणि कोणत्या नियमाने ठरवायचे? ग्रंथांत या प्रश्नाची चर्चा पुष्कळ सापडेल. मला त्याची सर्वांत नीट मांडणी आमच्या उमरखेडच्या एका सायकल-मिस्त्रीने करून दिली.

मी एक जुनी सायकल विकत घेतली होती. तिच्या कपाळावरच्या पत्र्यावर जे नाव होते, ते गावात कोणी ऐकलेले नव्हते. ती बनवणारा कारखाना केव्हाच इतिहासजमा झालेला असावा. सायकल मात्र दणकट होती. हलक्या हाताने वळणारी, जुन्या पोलादाची. तिचे एकच दुखणे होते. पायडलांचा आस ज्या नळीत फिरतो, त्या नळीतले दोन्ही कप झिजले होते. नवा कप बसवायला गेले की तो दोन वेढे निमूट आत जाई आणि तिसऱ्याला अडून बसे. मिस्त्रीने कप काढला, उजेडात धरला आणि म्हणाला, “आटे येगळे हायेत, गुरुजी.”

आट्यांचा हा घोळ जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत इंग्लंडात प्रत्येक कारखान्याचा स्क्रू आपापल्या मर्जीचा असे. एका घरचा नट दुसऱ्या घरच्या बोल्टाला चालत नसे. १८४१ साली जोसेफ व्हिटवर्थ या इंजिनियराने सर्वांसाठी एकच माप सुचवले आणि हळूहळू ते रूढ झाले. पुढे अमेरिकेने १८६४ पासून आपले वेगळे माप धरले. या दोन मापांच्या भांडणाने दुसऱ्या महायुद्धात दोस्तांना इतके छळले की १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांना एकत्र बसून एक सामाईक आटा ठरवावा लागला. सायकलींतही तेच. इंग्रजी घडणीच्या सायकलीच्या या नळीत इंचाला २४ आटे असत. नॉटिंगहॅमची प्रसिद्ध रॅले कंपनी मात्र कित्येक वर्षे २६ आटे पाडीत असे. चोवीस आणि सव्वीस यांत फरक तो किती! पण म्हणूनच तो कप पहिले दोन वेढे सुखाने जातो. फरक थोडा असला की भांडण उशिरा सुरू होते, एवढेच. नव्या सुनेचे पहिले दोन महिने ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे यंत्रशास्त्र वेगळे समजावून सांगायला नको.

मिस्त्रीने मला तीन रस्ते दाखवले. “फ्रेमला नवे आटे पाडतो, दहा मिनिटांचं काम. नाई तं जुना कप शोधा, भेटला तं भेटला. नाई तं लेथवर कडं करून आना.”

“दहा मिनिटांचे काम असेल तर तेच का नको?” मी विचारले.

त्यावर त्याने पाना खाली ठेवला. “गुरुजी, कप बाजारात पायजे तितके भेटतात. हे फ्रेम पुन्हा भेटन का? जे पुन्हा भेटत नाई, त्याला कानस लावू नये.”

हा नियम मला फार मोलाचा वाटला. सोय पाहणारा माणस जवळचे, आयते आणि निमूट पडून असलेले कापतो. नीती जाणणारा कारागीर आधी विचारतो, यातले काय परत मिळणार नाही? जुन्या आट्यांवर नवे आटे पाडले की जुने नाहीसे होतात आणि नवे अर्धवट उमटतात. ती नळी मग ना जुन्या कपाची राहते, ना नव्याची पुरती होते.

अखेर तिसरा रस्ता धरला. लेथवर दोन पोलादी कडी घडली. बाहेरून फ्रेमच्या बारीक आट्यांची, आतून बाजारात सहज मिळणाऱ्या बेअरिंगच्या मापाची. उजव्या बाजूच्या कड्याचे आटे उलटे, कारण त्या बाजूचा कप चालता चालता सैल होऊ नये म्हणून तो उलटाच फिरवावा लागतो. फ्रेमला ओरखडा नाही, बेअरिंगलाही नाही. जे काही कापले गेले, ते मधल्या लोखंडाने सोसले.

हा प्रश्न एका जुन्या सायकलीपुरताच असता तर मी तो इथे मांडला नसता. पण माझा एक जुना विद्यार्थी कॅनडात असतो, आणि त्याने कळवलेली हकीकत ऐकून मला आमच्या मिस्त्रीचीच आठवण झाली. तिकडे थंडीत लोक एका लांबट फळीवर आडवे उभे राहून बर्फाच्या उतारावरून घसरत जातात. १९९८ सालच्या जपानमधील नागानो येथील हिवाळी ऑलिंपिकपासून या खेळाला तिथे मानाचे पान मिळाले आहे. दोन्ही पाय फळीला जखडण्यासाठी बंध लागतात, आणि ते बसवण्यासाठी फळीच्या पोटात आधीच आटे पाडलेली धातूची भोके असतात. पुष्कळ कंपन्या ही भोके चार सेंटिमीटरच्या चौकोनात ठेवतात. १९७७ साली निघालेली बर्टन ही मोठी अमेरिकन कंपनी कित्येक वर्षे ती त्रिकोणात ठेवीत असे. या मुलाने कोणा अपरिचित, बंद पडलेल्या कंपनीची जुनी फळी स्वस्तात घेतली. तिची भोके चौकोनी. बंधही जुनेच घेतले. ते निघाले त्रिकोणी. कोणीतरी सल्ला दिला, फळीला नवी भोके पाड. पण फळीच्या आत लाकडाचा गाभा असतो. जागा सोडून भोक पाडले की तो कमजोर होतो आणि बर्फाचे पाणी आत मुरते. मग त्याला कळले की बंधाच्या मधोमध एक गोल चकती असते आणि ती काढून बदलता येते. चौकोनी भोकांची चकती आणली, चार स्क्रू पिळले, आणि फळी व बंध एकमेकांना चिकटले. पायाखाली गेल्यावर ती चकती दिसतसुद्धा नाही.

तुम्ही म्हणाल, लोखंड-लाकडाचे ठीक आहे; माणसांचे काय? मिस्त्रीचा नियम माणसांना लावून पाहिला की एक अवघड गोष्ट ध्यानात येते. बाजारात पाहिजे तितका मिळणारा कप हा माणसांत नसतोच. सासू एकच असते, तशी सूनही एकच असते. प्रत्येक जण फ्रेमच. मग कानस लावायची कोणाला? नियम प्रामाणिकपणे पाळायचा तर कोणालाच नाही. मधले कडे घडवायला हवे.

मी शाळामास्तर असल्यामुळे हा प्रश्न मला दर वर्षी जून महिन्यात भेटतो. आमच्या भागात बंजारा तांडे पुष्कळ. तांड्यावरचे मूल पहिलीत येते ते गोरमाटी बोलत येते. त्याची आई ‘याडी’ असते आणि पुस्तकातली आई ‘आई’ असते. गुरुजींनी पुस्तक उघडले की पहिले दोन वेढे ते पोर निमूट फिरते. चित्रे पाहते, टाळ्या वाजवते. तिसऱ्या वेढ्याला अडते. तेव्हा आपण काय करतो? पुस्तक छापील असते, ते बदलत नाही. गुरुजी सरकारी असतात, तेही बदलत नाहीत. उरते ते सहा वर्षांचे पोर. कानस त्यालाच लागते, कारण ते सर्वांत मऊ असते आणि त्याला ओरडता येत नाही. मग ते ‘हुशार नाही’ ठरते, मागच्या बाकावर जाते, आणि एका वर्षी ऊसतोडीच्या दिवसांत बाक रिकामा होतो. हजेरीपटावर त्याला ‘गैरहजर’ म्हणतात. आटे जुळले नाहीत, असा रकाना हजेरीपटात नाही.

कोणी म्हणेल, मग त्याला मराठी शिकवूच नये काय? तसे मुळीच नाही. सायकल चालली पाहिजे. ती खुंटीला टांगून तिची पूजा करण्यासाठी मिस्त्रीने मेहनत केली नव्हती. त्या मुलाला मराठी आलीच पाहिजे, आणि पुढे आणखीही भाषा आल्या पाहिजेत. प्रश्न एवढाच आहे की ‘याडी’ पुसून ‘आई’ लिहायची, की ‘याडी’चा हात धरून ‘आई’पर्यंत जायचे. ज्या शिक्षकाने तांड्यावर जाऊन गोरमाटीचे शे-दोनशे शब्द गोळा केले, तो शिक्षक हे मधले कडे. एका बाजूने त्याला पोराचे आटे, दुसऱ्या बाजूने पुस्तकाचे माप.

न जुळण्याची किंमत कोणी ना कोणी देतच असतो, आणि ती देणारा पुष्कळदा त्या भांडणात पक्षकारही नसतो. आमच्या यवतमाळहून मूर्तिजापूरला अडीच फुटी रुळांवरून छोटी शकुंतला रेल्वे धावत असे. मूर्तिजापूरला मुंबई-नागपूरची साडेपाच फुटी गाडी. दोन्ही रूळ आपापल्या जागी ताठ. रुईच्या गाठी मात्र या डब्यातून त्या डब्यात न्यायच्या, त्या हमालांच्या पाठीवरून. दोन रुळांमधल्या तीन फुटांच्या फरकाचे ओझे अशा माणसाने वाहिले, ज्याला रूळ टाकताना कोणी काही विचारले नव्हते.

आणि मधले कडे नेहमीच सोशीक असते, असेही नाही. उमरखेडहून हदगावकडे निघाले की पैनगंगा लागते. १९४८ पूर्वी नदीच्या पलीकडे निजामाचा अंमल होता आणि तिथे त्याचा हाली रुपया चाले, अलीकडे इंग्रजी. साधारण सात हाली म्हणजे सहा इंग्रजी, असा हिशेब. तो रुपया १९५९ साली चलनातून कायमचा गेला. पण जोवर दोन रुपये होते, तोवर मधे सराफही होते आणि त्यांचा बट्टाही होता. घरोघर असे सराफ आपण पाहतो. दोघांतले भांडण मिटले तर आपला बट्टा बुडेल, म्हणून ते मिटू न देणारे! चांगले कडे आणि असा सराफ यांतला फरक ओळखायचा कसा? कडे दोन्ही भागांना घट्ट धरते. सराफ त्यांना एकमेकांपासून दूर ठेवतो.

चांगल्या कड्याचे दुर्दैव मात्र निराळे आहे. ते दिसत नाही. सायकल छान चालते म्हणून लोक फ्रेमचे कौतुक करतात, बेअरिंगचे करतात. कडे आत अंधारात ताण सोसत असते आणि झिजत असते. बापलेकांचे बोलणे बंद असताना दोघांची ताटे वाढून दोघांचे निरोप इकडचे तिकडे करणारी आई. सासू आणि धाकटी जाऊ यांच्यामध्ये उभी राहून दोघींचे शब्द गाळून पोचवणारी थोरली सून. वाटणीच्या वेळी भावांना एका पंगतीला बसवणारी आत्या. ‘आमच्या घरात कसे सगळे जुळलेले आहे’ असे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो, तेव्हा त्या जुळण्याचा सारा ताण यांच्यापैकी कोणाच्या तरी अंगावर असतो. दोन्ही पक्षांना वाटते की आपण काहीच सोडले नाही. खरेच आहे ते. सोडले तिने.

म्हणून मिस्त्रीच्या नियमाला एक पोटकलम जोडावेसे वाटते. जे पुन्हा मिळत नाही त्याला कानस लावू नये, हे खरे. आणि लोखंडाचे कडे झिजले तर दुसरे करता येते, हेही खरे. पण माणसाचे कडेसुद्धा पुन्हा मिळत नाही. तेव्हा घरात ते काम एकाच माणसाकडे जन्मभर असू नये. पाळीपाळीने ते प्रत्येकाने करावे. बापाने कधी मुलगा आणि सून यांच्यामधले कडे व्हावे, मुलाने कधी आई आणि बायको यांच्यामधले. ज्याला दोन्ही बाजूंचे आटे अंगावर घ्यावे लागतात, त्यालाच दोन्ही बाजू कळतात. आणि घरातल्या प्रत्येकाला दोन्ही बाजू कळल्या तर ‘जुळवून घे’ हे औषध पुष्कळ कमी लागेल.

येत्या चार दिवसांत घर भरेल. फराळाची ताटे फिरतील, जुन्या गोष्टी निघतील, एखादा शब्द तिसऱ्या वेढ्याला अडेलही. त्या वेळी कोण पटकन उठून विषय बदलते, कोण चहाचे निमित्त करून दोघांच्या मध्ये येऊन उभे राहते, तेवढे वाचकांनी पाहून ठेवावे. आणि या वर्षी त्या माणसाला बसायला सांगून चहा दुसऱ्या कोणी तरी करावा.