पाखरांचा ताळेबंद

मराठी भाषेला हिशेब ठेवता येत नाही, हे 'पाखरू' या एकाच शब्दावरून सिद्ध होतं. गॅलरीतल्या पिंजऱ्यात जे शीळ घालतं ते पाखरू, आणि राळ्याच्या डब्याचं झाकण उघडताच जे फडफडत नाकावर येऊन बसतं तेही पाखरूच. एकाला जगवायचं आणि दुसऱ्याला मारायचं, तर आधी दोघांची खाती वेगळी हवीत, हे बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाचं पोरही सांगेल. पण भाषेनं दोघांना संयुक्त खातं उघडून दिलंय, आणि आमच्या घरात गेले तीन महिने त्यावरून महाभारत चाललंय.

पिंजऱ्यातली पाखरं दोन. बाळू आणि शेवंता. दुकानदार त्यांना लव्हबर्ड्स म्हणतो, पण ती खरी बजरीगर. मूळची ऑस्ट्रेलियाची. आपला देशी पोपट घरात ठेवायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची आडकाठी. परदेशच्या या पाहुण्यांना ती नाही. त्यांचा खुराक म्हणजे राळा आणि बाजरी, आणि त्यातूनच दुसरी पाखरं आली. आमच्या बँकेत साधं बचत खातं उघडायचं तरी आधार आणा, पॅन आणा, फोटो आणा. इथे किलोभर राळ्यातून दीडदोनशे खातेदार आत आले आणि कुणी सहीसुद्धा मागितली नाही.

हा पतंग दिसायला गरीब. पंखांचा अंगाकडचा भाग राखी, टोकाकडचा तांब्याच्या रंगाचा. इंग्रजीत त्याला 'इंडियन मील मॉथ' म्हणतात. आमच्या मुलीनं हे वाचून दाखवल्यावर आई म्हणाली, "बघा, तेही आपल्याच माथी!" वास्तविक आपला काही संबंध नाही. तिकडे अमेरिकेत मक्याच्या पिठाला 'इंडियन मील' म्हणत, आणि न्यूयॉर्कच्या एसा फिच नावाच्या कीटकशास्त्रज्ञानं १८५६ मध्ये त्या पिठातल्या किड्याला हे नाव दिलं.

खरी मेख पुढे आहे. मोठा झालेला पतंग काही म्हणजे काही खात नाही. आठवडा-दोन आठवड्यांचं आयुष्य, तेवढ्यात लग्न, शंभर ते चारशे अंडी, आणि राम. धान्य फस्त करते ती अळी. तीच जाळी विणते, दाण्यांचे गठ्ठे करते आणि पोट भरलं की भिंतीवरून चढून छताच्या कोपऱ्यात कोष करते. म्हणजे आपण चपलेनं ज्याला सपाट करतो तो त्या घटकेला संपूर्ण उपाशी गृहस्थ असतो! बँकेत काम करणाऱ्याला यात नवल नाही. कर्ज खाणारा सापडत नाही तेव्हा आम्हीही जामीनदारालाच धरतो.

मारायचं ठरवलं तरी कसं, हा दुसरा प्रश्न. सौ.च्या माहेरी धान्याला पाऱ्याच्या गोळ्या किंवा बोरिक पावडर लावतात. शेजारच्या काकूंनी डांबरगोळ्या सुचवल्या. कोपऱ्यावरचा वाणी फवारा घेऊन उभाच होता. पण पाखरांच्या (म्हणजे पिसांच्या पाखरांच्या) फुफ्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, आणि हवेतलं विष त्यांना आपल्या कितीतरी आधी लागतं. म्हणून तर इंग्लंडच्या कोळशाच्या खाणींत विषारी वायू ओळखायला कॅनरी पक्षी नेत, ते थेट १९८६ पर्यंत. बाळूचं सगळं वजन तीस-पस्तीस ग्रॅम. त्याच्या खोलीत फवारा मारणं म्हणजे उंदरासाठी वाड्याला आग लावणं. गोदामात धान्याला ठेवतात त्या सल्फासच्या गोळ्यांचं तर नावच नको, त्यांच्या वायूनं माणसंही दगावतात.

थोडक्यात, एका पाखराच्या जिवापायी दुसऱ्या पाखराला अभय मिळालं. शिबी राजानं कबुतरासाठी स्वतःच्या मांडीचं मांस कापून दिलं. आम्ही दोन बजरीगरांसाठी किलोभर बाजरी कापून दिली, एवढाच फरक.

आईचं तत्त्वज्ञान सरळ आहे. जीव मारायचा नाही. मुंग्यांना ती चिमूटभर साखर घालते. तांदूळ निवडताना सापडलेली अळी ती हलक्या हातानं उचलते आणि खिडकीच्या कट्ट्यावर सोडते. कट्ट्यावर दोन चिमण्या ठरलेल्या वेळी हजर असतात. "मी कुठे मारली? मी सोडली." आमच्या धंद्यात याला वसुली एजंट नेमणं म्हणतात. हात स्वच्छ राहतात आणि वसुली होते.

मग सौ.नं बाजारातून तो चिकट पुठ्ठा आणला. त्याला मादीच्या गंधाचं औषध लावलेलं असतं. नर मोठ्या आशेनं येतात आणि चिकटून बसतात. विष नाही, धूर नाही, बाळू-शेवंताला धोका नाही. रात्री दिवा लावून पाहिलं तर सात जण चिकटलेले, त्यातले दोन अजून फडफडत होते. सौ. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, मारायचं तर सरळ मारा. हे असं बायकोच्या नावानं बोलावून काय?"

मला हा आक्षेप वरवरचा वाटला नाही. मरणारा मरतोच, मग फसवून मारलं काय नि सांगून मारलं काय, हा युक्तिवाद हिशेबात बसतो. रक्कम तीच. पण खोट्या सहीनं काढलेली रक्कम आणि खऱ्या सहीनं काढलेली रक्कम सारखीच असली तरी एकीबद्दल तुरुंग आहे.

आमच्या शाखेत एक जैन सहकारी आहेत. डबा खाताना त्यांना विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही मारायचं कधी ठरवलंत? पुठ्ठा आणलात तेव्हा नाही. चार किलो राळा भरून ठेवलात तेव्हाच." उबदार हवेत अंड्यापासून पतंग व्हायला महिनाभर पुरतो. आठ दिवसांचंच धान्य घरात असेल, घट्ट झाकणाच्या बरणीत असेल, तर मारायची वेळच येत नाही. मला हे पटलं. मात्र त्यांनी हे सांगितलं तेव्हा चार किलो घरात होतेच. त्यासाठी राहिला फ्रीझर. उणे अठरा अंशांत आठवडाभर ठेवलं की अंडी, अळ्या सगळं शांत होतं. हल्ली आमच्या फ्रीझरमध्ये मटारच्या शेजारी राळा असतो.

एवढ्यावर भागलं असतं, पण मुलीनं मध्येच एक पतंग पाळला. पाळला म्हणजे ट्यूबलाईटशेजारी बसणाऱ्या एकाचं नाव वसंतराव ठेवलं. "बाबा, बाळूला पिंजऱ्यात कोंडून आपण त्याच्यावर प्रेम करतो. वसंतराव मोकळे आहेत, म्हणून मारायचे?" मी म्हटलं, बाळूला बाहेर सोडलं तर कावळे तासाभरात संपवतील. ती म्हणाली, "मग पिंजरा कावळ्यांसाठी आहे की आपल्यासाठी?" याचं उत्तर मी अजून जुळवतोय. फरक कुठेतरी चार आण्यांचा येतो.

वसंतरावांना मात्र कुणी हात लावेना. आई संध्याकाळी दिवा लावताना वर बघे. सौ. जळमटं काढताना तेवढा कोपरा सोडी. ते सहा दिवस राहिले आणि सातव्या दिवशी सकाळी ओट्यावर पडलेले दिसले. सौ.नं केरसुणी जरा हळूच फिरवली. दुपारी तिनंच स्टुलावर चढून कपाटामागच्या कोपऱ्यातले सतरा कोष सुरीनं खरवडून काढले. त्यांची नावं अजून ठेवायची होती.