झोळी आणि मुदत ठेव

दत्तभक्तांना झोळी परकी नाही. महाराजांचं स्नान काशीला, भिक्षा कोल्हापूरला आणि निद्रा माहूरला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. गाणगापूरला आजही चांगले खातेपिते लोक हातात झोळी घेऊन माधुकरी मागतात. ज्या दैवताने उद्याची तरतूद केली नाही, त्याच्या नावाने चालणाऱ्या संस्थेने बँकेत ठेवी ठेवाव्यात का? प्रश्न पोरकट वाटेल, पण मला तो तसा वाटत नाही.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने यदुराजाला २४ गुरू सांगितले. मधमाशीकडून तो शिकला की थोडं थोडं घ्यावं, आणि साठवू नये. साठवलं तर साठ्यासकट आपलाही नाश. पुढे मध काढणाराही गुरू म्हणून येतो, कारण साठवणाऱ्याचं नेणारा तिसराच असतो. आयुष्यभर बँकेच्या काउंटरमागे बसलेल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. वारस नसलेल्या ठेवी काय कमी पाहिल्या?

पण अवधूत एकटा होता. त्याच्या भरवशावर कोणी ताट मांडून बसलं नव्हतं. मूकबधिर मुलांचं वसतिगृह चालवणाऱ्याचं तसं नाही. अनुदान लांबलं तरी स्वयंपाकाच्या बाईंना एक तारखेला पगार हवा, मुलांना संध्याकाळी भाकरी हवी. आणि देणगीचं म्हणाल, तर एक दिवसाच्या अन्नदानाला माणसं मिळतात, खोली बांधायलाही मिळतात. वीजबिलाला देणगीदार मिळत नाही. मीटरवर नावाची पाटी बसत नाही ना! तेव्हा संस्थेला गंगाजळी लागतेच. मधमाशीचा नियम तिला जसाच्या तसा लावला तर पोरं उपाशी राहतील.

मग साठवायचं किती? आयकराची सवलत घेणाऱ्या न्यासाने साधारणपणे वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के उद्दिष्टावर खर्च करावेत, असा कायदा आहे. त्याहून जास्त मागे ठेवायचं तर कशासाठी आणि किती वर्षं, हे आधी लिहून द्यावं लागतं. रुक्ष कायदा खरा, पण ‘कशासाठी’ हा शब्द त्यात आहे, म्हणून मला तो बऱ्याच प्रवचनांपेक्षा जवळचा वाटतो. नाव न घेता सांगतो, एका संस्थेच्या वार्षिक सभेत ठेवी वाढल्याबद्दल टाळ्या झाल्या, आणि पुढच्याच विषयात रुग्णांच्या नातेवाइकांचा संध्याकाळचा डबा ‘निधीअभावी’ बंद झाला. दोन्ही ठराव एकमताने! हिशेबात एक पैशाची चूक नव्हती. तरी तो पैसा कोणाचा होता, हे विश्वस्त विसरले होते. विश्वस्त म्हणजे मालक नव्हे, हे त्या शब्दातच आहे.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या वसतिगृहांसाठी घरोघरून मूठभर धान्य जमवायचे, त्याला मुष्टिफंड म्हणत. मूठभर जोंधळे देणारी बाई ‘पोरं शिकतात ना नीट?’ असं विचारू शकते. नुसत्या व्याजावर जगणाऱ्या संस्थेला असं विचारणारं कोणी उरत नाही. झोळीचा हा मोठाच उपयोग, रोज कोणाच्या तरी दारात उभं राहावं लागतं. माझ्या मते वर्षभराचे पगार आणि कोठीघर निघेल एवढी ठेव पुरे. बाकीचं कामाला लागावं.

आता खरी अडचण. एखाद्या वृद्ध बाईंनी ‘मुद्दलाला कधी हात लावू नका, फक्त व्याज वापरा’ असं लिहून देणगी दिली. दुष्काळाचं वर्ष आलं, कोठी रिकामी झाली. मुद्दल मोडावं का? पोटात कालवतं, पण मी नाही म्हणेन. बाई हयात असतील तर त्यांच्याकडे जावं, नसतील तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची वाट धरावी, आणि तोवर झोळी घेऊन गावात फिरावं. दिलेला शब्द आपल्या सोयीने वाचायचा नसतो. त्यापेक्षा देणगी घेतानाच सांगावं, ‘आजी, मुद्दल अडकवू नका, चालू खर्चाला द्या, वीजबिल थकलंय.’ पावती फाडणाऱ्याला एवढं बोलायला एक मिनिट पुरतं.