निर्दोषाचे कर्तव्य

दुसऱ्याने केलेल्या लबाडीचा लाभ आपल्या नकळत आपल्याला मिळत असेल, तर ती लबाडी उघडकीस आल्यावर आपले कर्तव्य काय? प्रश्न जुना आहे. गावच्या पारावर तो पिढ्यान् पिढ्या चघळला गेला असेल. पण काही वर्षांपूर्वी तोच प्रश्न नवा वेष घेऊन, चार चाकांवर बसून, आपल्या वऱ्हाडातल्या दारांतही येऊन उभा राहिला. दिवाळीच्या दिवसांत धुराची गोष्ट काढल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. परंतु याच दिवसांत व्यापारी वह्यांबरोबर तराजूचेही पूजन करतो. तेव्हा खऱ्याखोट्या मापाचा विचार अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

हकीकत अशी. १८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील पर्यावरण खात्याने फोक्सवॅगन या जर्मन कंपनीवर आरोप ठेवला. तिच्या डिझेल मोटारींतील संगणकाला गाडीची तपासणी चालू आहे हे ओळखता येत होते. तपासणी असली म्हणजे इंजिन सोज्ज्वळपणे वागे. रस्त्यावर आले की मनसोक्त विषारी वायू सोडी. अशा गाड्या जगभर सुमारे १ कोटी १० लाख होत्या. शाळामास्तराला हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही. दिपोटीसाहेब येणार म्हटले की फळ्यावर सुविचार चढतो आणि वर्गातला सर्वांत द्वाड मुलगा हाताची घडी घालून बसतो. साहेबांची पाठ फिरली की वर्ग पुन्हा पूर्वपदावर! फरक इतकाच, की मुलांना ही विद्या उपजत येते. इंजिनाला ती मुद्दाम शिकवलेली होती.

आपल्याकडे पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने या गाड्यांची चाचणी घेतली, तेव्हा रस्त्यावरील त्यांचे उत्सर्जन ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आढळले. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडी मिळून ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले. भारतातला कोणताही नियम आम्ही मोडलेला नाही, हे आम्ही स्वखुशीने करीत आहोत, असे तिचे म्हणणे होते.

खरी अडचण येथून पुढे आहे. डिझेलच्या इंजिनात जळण जितके तप्त, तितका जोर चांगला आणि इंधनाची बचतही चांगली. पण त्याच उष्णतेत हवेतला नायट्रोजन प्राणवायूशी संयोग पावतो, आणि जे वायू तयार होतात ते दमेकऱ्यांना व लहान मुलांना बाधतात. ते कमी करायचे, तर धुराड्याकडे निघालेला काही वायू पुन्हा इंजिनात फिरवून जळण थंड करावे लागते. मग काजळी वाढते, झडपा तुंबतात, गाडी थोडी सुस्तावते. दुरुस्तीने काही बिघडणार नाही अशी ग्वाही कंपनीने दिली; तरी गाडीची ओढ आणि ॲव्हरेज कमी झाल्याच्या तक्रारी देशोदेशींच्या मालकांनी केल्या.

आता असा एक गृहस्थ कल्पू या. अकोल्याचा सरकीचा व्यापारी. कामासाठी मूर्तिजापूरवरून अमरावतीला त्याच्या नेहमी फेऱ्या. गाडी त्याने मोठ्या हौसेने घेतलेली. दुरुस्तीचे बोलावणे येते. ओळखीचा मिस्त्री म्हणतो, “भाऊ, गाडी झकास चालून राह्यली, पीयूसी हाय. मंग कायले हात लावता?”

मिस्त्री खोटे बोलत नाही. आपल्या पीयूसी केंद्रात डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा मोजतात. हा न दिसणारा वायू मोजतच नाहीत. कागद स्वच्छ असतो. शिवाय गृहस्थाजवळ आणखी दोन बिनतोड मुद्दे आहेत. लबाडी कंपनीने केली, मी का भोगू? आणि महामार्गावर हजारो ट्रक धूर ओकत असता माझ्या एका गाडीने काय होणार?

दुसरा मुद्दा आधी घेऊ. वजन वाढावे म्हणून कापसावर पाणी मारणारेही हेच म्हणतात. एका गाडीने गिरणी बुडत नाही, हे खरे. पण नुकसान अनेकांत वाटले गेले म्हणून ते नाहीसे होत नाही. फक्त कोणाला लुबाडले ते दिसेनासे होते.

पहिला मुद्दा अधिक कठीण आहे. समजा, एका किराणा दुकानदाराने बाजारातून किलोचे वजन विकत घेतले आणि वर्षभराने त्याला कळले, की ते साडेनऊशे ग्रॅमच भरते. वर्षभर तो निर्दोष होता, यात शंका नाही. पण कळल्याच्या दुसऱ्या दिवशी? त्या दिवशी तेच वजन पारड्यात टाकले, तर ती लबाडी वजन बनवणाऱ्याची राहत नाही. अज्ञानाने मिळालेले निर्दोषत्व ज्ञानाच्या क्षणी संपते. ते पुन्हा मिळवायचे, तर काहीतरी करावे लागते.

“पण त्या जोराचे मी पैसे मोजले आहेत!” मोजले आहेत खरेच. मात्र कंपनीने जे विकले, ते तिचे नव्हतेच. रस्त्याकाठच्या शाळेतल्या पोरांच्या श्वासातून काढून ते तिने विकले. म्हणून त्याचे मागणे विकणाऱ्याकडे आहे, पोरांकडे नाही.

मात्र हे मागणे हलके लेखू नये. अमेरिकेतील मालकांना गाडी परत विकण्याचा मार्ग मिळाला, वर भरपाईही मिळाली. आपल्या गृहस्थाच्या वाट्याला नुसती दुरुस्ती. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कंपनीला ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला मनाई केली. या सगळ्यात अकोल्याच्या गृहस्थाची झडप तुंबली, तर तिचा खर्च कोणाचा? त्याने कंपनीशी भांडलेच पाहिजे. आणि दुरुस्तीनंतर ओव्हरटेक करताना गाडी खरोखर दगा देऊ लागली, तर ती तशीच दामटणे हाही परमार्थ नव्हे. पण मनाशी प्रामाणिकपणे विचारावे: गेला तो सुरक्षितपणा, की नुसता तोरा?

भांडण मिटेपर्यंत दुरुस्ती लांबवावी, असे मात्र मला वाटत नाही. आपली भरपाई थांबली म्हणून दुसऱ्याची हानी चालू ठेवणे, हा न्याय नव्हे.

हे दोन्ही एकाच माणसाला साधेल काय, अशी शंका कोणी घेईल. याच मातीत ते साधलेले आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावला गाडगेबाबांनी देह ठेवला. कीर्तनाआधी ते गावचे रस्ते खराट्याने झाडीत. ती घाण त्यांनी केलेली नसे. केली कोणी, याचा निवाडा होईपर्यंत त्यांचा खराटा थांबत नसे. आणि रात्री कीर्तनाला उभे राहिले, की घाण करणाऱ्यांना ते चारचौघांत प्रश्न विचारीत, त्यांना मुळीच सोडीत नसत.