गंजावरचा रंग

गेल्या पावसाळ्यात सोनपेठ तालुक्यातील एका गावी मिस्सा आटोपल्यावर अंगणात चहा घेत बसलो असता एका तरुणाने मला एक प्रश्न विचारला. तो पापनिवेदनात नव्हे, चारचौघांत विचारला होता आणि लिहिण्यास त्याची संमती आहे. म्हणूनच येथे मांडत आहे.

या तरुणाने कर्ज काढून कोकणपट्टीतून एक जुनी पिकअप गाडी आणली होती. हंगामात कापूस, सोयाबीन, एरवी खताची पोती वाहायची, हा त्याचा धंदा. गाडी बाहेरून नवरीसारखी नटलेली, कागदपत्रे चोख, पासिंगही झालेले. वर्षभराने गॅरेजात गाडी वर उचलली, तेव्हा मिस्त्रीने चासीवर हातोडी ठोकून पाहिली. एका जागी ती आरपार गेली. वर काळा रंग, त्याखाली पुट्टी आणि पुट्टीखाली गंजाचा नुसता चुरा!

"फादर, मला फसवलं," तो म्हणाला. "आता मीही तसाच रंग देऊन ती विकली, तर पाप लागेल का? मी खोटं काहीच सांगणार नाही. फक्त गप्प राहीन."

उत्तर देण्यापूर्वी गंज म्हणजे काय, हे समजून घेणे बरे. लोखंड, पाणी आणि प्राणवायू यांच्या संयोगातून तो तयार होतो. ॲल्युमिनियमवरही असाच थर चढतो. परंतु तो घट्ट बसतो आणि आतल्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो. तो फुगतो, त्याच्या खपल्या गळतात आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा उघडे पडते. पाण्यात मीठ असेल तर ही क्रिया झपाट्याने होते. गंज न खरवडता वरून रंग दिला, तर आतले काम थांबत नाही. ते फक्त दिसेनासे होते.

कोकणात हे मीठ समुद्राच्या वाऱ्यातून येते. बर्फाळ देशांत ते माणूस स्वतःच रस्त्यावर टाकतो. खारे पाणी उशिरा गोठते, म्हणून हिवाळ्यात रस्ते मोकळे ठेवण्यासाठी एकट्या अमेरिकेत वर्षाला सुमारे दोन कोटी टन मीठ पसरले जाते. त्या मिठाचा चिखल गाडीच्या पोटाला चिकटतो. इंजिन ठणठणीत असते. परंतु ज्या चासीवर इंजिन, हौदा आणि माल यांचा सारा भार असतो, तीच खंगत जाते. २००८ साली टोयोटा कंपनीने उत्तर अमेरिकेतील १९९५ ते २००० या काळातील आपल्या टाकोमा पिकअप गाड्यांच्या चासीची गंजाबाबतची हमी पंधरा वर्षांपर्यंत वाढवली आणि फार गंजलेल्या गाड्या परत विकत घेतल्या. तक्रारींचा रेटा होता हे खरे; तरीही दोष उघडपणे पदरात घेतला गेला आणि त्याची किंमतही मोजली गेली.

सोनपेठची हवा वर्षातील बहुतेक महिने कोरडी असते. येथे गाड्या सहसा गंजाने मरत नाहीत, म्हणून गिऱ्हाईक खाली वाकून पाहत नाही. त्याच्या या अज्ञानावरच रंगाचा धंदा चालतो.

मग गप्प राहण्यात पाप आहे काय? आपला १८७२ चा करार कायदा विक्रेत्याला बरीच मोकळीक देतो. त्यात घोड्याचे एक उदाहरण आहे: लिलावात घोडा विकणाऱ्याला त्याची व्याधी ठाऊक आहे, पण तो काहीच बोलला नाही, तर केवळ त्या मौनाला कपट म्हणता येत नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनीही घोड्याचेच उदाहरण घेतले, परंतु निष्कर्ष निराळा काढला. घोडा एका डोळ्याने आंधळा असेल तर तो दोष दिसतो. किंमत रास्त लावली म्हणजे पुरे. मात्र जो दोष लपलेला आहे आणि ज्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान होईल किंवा त्याच्या जिवाला धोका पोचेल, तो सांगणे विक्रेत्याचे कर्तव्यच आहे. त्यासाठी गावभर दवंडी पिटण्याची गरज नाही, हेही ते सांगतात. कारण दवंडी ऐकून लोक मालाचे गुण न पाहताच पळतील. जो घ्यायला येईल, त्याला तेवढे सांगावे.

आणि येथे तर नुसते मौन नाही. पुट्टी भरणारा हात बोलतोच. चासी धड आहे, असे तो सांगतो. भरल्या गाडीत ती चासी वाकली, तर मागे हौद्यात बसलेल्या मजुरांचे काय होईल?

संत याकोबाने आपल्या पत्रात, मजुरांची मजुरी बुडवणाऱ्या धनिकांना, त्यांच्या सोन्यारुप्याचा गंज त्यांच्याविरुद्ध साक्ष देईल, असे बजावले आहे. गंजाला त्याने साक्षीदार केले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. रंग देणारा त्या साक्षीदाराचे तोंड बंद करतो.

मी त्या तरुणाला म्हणालो, "बाबा, तुझ्यावर अन्याय झाला आहे. ज्याने विकली त्याच्याकडे जा, पैसे माग. तो तुझा हक्क आहे. पण तुझा तोटा तिसऱ्या निरपराध माणसाकडून भरून घेण्याचा हक्क तुला नाही."

"आणि हप्ते, फादर?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. माझ्या सल्ल्यासाठी मला एक रुपयाही मोजावा लागला नव्हता. मोजायचे होते ते त्याला.

विकणाऱ्याने दाद दिली नाही. अखेर त्याने गाडी मोडीत काढली. इंजिन, गिअरबॉक्स आणि टायर वेगवेगळे विकले, चासी भंगारात गेली. आलेल्या रकमेतून निम्मे कर्जही फिटले नाही. आता तो दुसऱ्याच्या गाडीवर चालक आहे. त्या गावच्या तीन कुटुंबांनी त्याला काही हप्त्यांपुरते हातउसने पैसे दिले आहेत. सत्य बोलण्याची किंमत एकट्यानेच का मोजावी, हा प्रश्न त्यांना पडला असावा. तो आपल्यालाही पडायला हवा.