स्वाभाविक दुःख आणि उपचाराची वेळ

जे स्वाभाविक आहे ते मुकाट्याने सोसलेच पाहिजे काय, हा नीतिशास्त्रातला जुना प्रश्न रजोनिवृत्तीच्या संदर्भात विशेष टोकदार होतो. पाळी कायमची थांबण्यापूर्वीची काही वर्षे, म्हणजे रजोनिवृत्तिपूर्व संक्रमणकाळ, हा रोग नव्हे. परंतु या काळात बीजकोशांतून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण अनियमितपणे चढते-उतरते आणि त्यातून अंगातून गरम वाफा येणे, रात्री घामाने अंथरूण भिजून जाग येणे, चिडचिड, विसराळूपणा, पाळीतील अनियमितता असे त्रास उद्भवतात. ‘पाळी जायची वेळ आली की असे व्हायचेच’ हे घरोघरी ऐकू येणारे वाक्य वस्तुस्थिती म्हणून खरे असले, तरी त्यातून ‘म्हणून उपाय करू नये’ हा निष्कर्ष निघत नाही.

भारतीय वैद्यकपरंपरेने हा भेद ओळखला होता. रजःस्राव पन्नाशीच्या सुमारास थांबतो असे सांगणाऱ्या सुश्रुतसंहितेने भूक, तहान, निद्रा, जरा आणि मृत्यू यांना स्वाभाविक व्याधी म्हटले आहे. आणि भूक स्वाभाविक आहे म्हणून अन्न नाकारावे, असे कोणी मानीत नाही. चरकसंहिता स्वभावाला प्रतिकार नसतो असे म्हणते, पण तिच्याच चिकित्सास्थानाचा आरंभ रसायनाने, म्हणजे जरा लांबवून बळ टिकवणाऱ्या उपचारांनी होतो. वार्धक्य टळत नाही हे मान्य करूनही त्यातले दुःख हलके करता येते, अशी ही भूमिका आहे.

याउलट टोकही तितकेच सदोष आहे. रॉबर्ट विल्सन या अमेरिकी डॉक्टरांनी १९६६ साली ‘फेमिनिन फॉरेव्हर’ या पुस्तकात रजोनिवृत्तीला संप्रेरकाच्या अभावाचा रोग ठरवून इस्ट्रोजेनच्या उपचाराने स्त्रीचे तारुण्य टिकवण्याचे आश्वासन दिले. पुढे २००२ साली अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या अभ्यासातील संयुक्त संप्रेरकांची चाचणी स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका वाढल्याचे दिसल्याने मुदतीपूर्वी थांबवण्यात आली आणि जगभर या उपचाराची धास्ती पसरली. मात्र त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. आज सर्वसाधारण वैद्यकीय मत असे आहे की, साठीच्या आतील किंवा रजोनिवृत्तीला दहा वर्षे न झालेल्या, अन्यथा निरोगी आणि त्रस्त स्त्रीच्या बाबतीत संप्रेरकोपचाराचा लाभ बहुधा धोक्यापेक्षा अधिक असतो. गर्भाशय शाबूत असल्यास त्याच्या अस्तराच्या कर्करोगापासून संरक्षणासाठी इस्ट्रोजेनला प्रोजेस्टेरॉनाची जोड द्यावी लागते. त्वचेवर लावायच्या पट्टीने किंवा जेलने गुठळ्यांचा धोका गोळ्यांपेक्षा कमी राहतो. स्तनाचा पूर्वी झालेला कर्करोग, कारण न कळलेला रक्तस्राव, गुठळ्यांचा पूर्वेतिहास किंवा यकृताचा गंभीर विकार असल्यास मात्र हा मार्ग सहसा टाळून इतर औषधांचा विचार केला जातो.

यातून वेळेविषयी एक नैतिक मुद्दा पुढे येतो. उपचाराचा विचार करण्यासाठी पाळी पूर्ण थांबण्याची वाट पाहावी लागत नाही. पंचेचाळिशीनंतर निदान प्रायः लक्षणांवरूनच होते, कारण संप्रेरकांची पातळी दिवसागणिक बदलते आणि एका रक्ततपासणीवर विसंबता येत नाही. सहनशीलतेच्या नावाखाली निर्णय वर्षानुवर्षे पुढे ढकलला, तर अनुकूल काळ निघून जातो. म्हणजे काहीच न ठरवणे हाही परिणामांसह येणारा एक निर्णयच ठरतो.

स्वाभाविकतेचा युक्तिवाद कोठे पूर्णपणे कोसळतो, हे महाराष्ट्रातच दिसते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ साली राज्य शासनाला चौकशी करावी लागली. त्यांत अनेक स्त्रिया ऐन तारुण्यातल्या होत्या. अशा शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले गेले, तर रजोनिवृत्ती निसर्गक्रमाने न येता एकाएकी येते आणि हाडे व हृदय यांच्या रक्षणासाठी, उपचाराला बाधक असे काही नसल्यास, रजोनिवृत्तीच्या नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरके देणे हेच वैद्यकाच्या दृष्टीने उचित असते.

तेव्हा निर्णयाचा निकष निसर्ग हा नसून त्रासाची तीव्रता, त्या स्त्रीचा धोका आणि तिची इच्छा हा आहे. सोसण्याची निवड करणारी स्त्री दुबळी नसते आणि औषध घेणारी भित्री नसते; मात्र या दोन्ही निवडी तिने पुरेशा माहितीनिशी स्वतः केलेल्या असाव्यात, घरच्यांच्या संकोचाने तिच्यावर लादलेल्या नसाव्यात.