निखाऱ्यांचा विस्तव



रायपुरातील तात्यापारा ही मराठी माणसांची जुनी वस्ती. तेथील एका घरी प्रार्थनासभा आटोपल्यावर एका वृद्ध भगिनीने मला विचारले, "बस्तरातले जे विश्वासणारे भिऊन मागे फिरले, ते उद्या परत आले तर त्यांना प्रभुभोजन द्यायचे का हो?" मी तोंड उघडण्यापूर्वीच दोघातिघांनी "मुळीच नाही" म्हटले. आम्ही सारे पंख्याखाली बसलो होतो.

छळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तलवार आणि सिंह येतात. बस्तरात तो निराळ्या रूपाने आला. डिसेंबर 2022 मध्ये नारायणपूर भागातील शेकडो आदिवासी ख्रिस्ती गाव सोडून भर थंडीत तेथील क्रीडागृहाच्या आश्रयाला आले. गावात राहायचे तर विश्वास सोडा, असे बजावले गेल्याचे त्यांपैकी अनेकांनी सांगितले. जानेवारी 2025 मध्ये बस्तरातील छिंदवाडा गावच्या एका पाळकाचा देह जवळजवळ तीन आठवडे शवागारात पडून होता, कारण गावात माती देण्यास विरोध होता. मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 27 जानेवारीला दोन न्यायमूर्तींची मते भिन्न पडली आणि अखेर वीस-पंचवीस किलोमीटरवरील ख्रिस्ती दफनभूमीत दफन करण्याचा आदेश झाला. घर, शेत, बापाची कबर, हे सारे एका शब्दाच्या मोबदल्यात परत मिळत असेल, तर तो शब्द न उच्चारणे किती कठीण असेल!

नाकारणे हे पाप नव्हे, असे मी म्हणत नाही. तसे म्हटले तर त्या क्रीडागृहात राहिलेल्यांचा तो अपमान होईल. पण न्याय कोणी करावा?

हा प्रश्न मंडळीला नवा नाही. इ. स. 250 च्या सुमारास सम्राट देकियसच्या फर्मानानुसार रोमी देवतांना यज्ञ करणाऱ्यांना दाखले मिळत. कित्येक ख्रिस्ती लोकांनी यज्ञ केला, काहींनी नुसता दाखला विकत घेतला. पुढे हे लोक दाराशी आले, तेव्हा रोममधील नोवातियानाने दार बंदच ठेवले. उलट तुरुंगात यातना सोसलेल्या पुष्कळांनी त्यांच्यासाठी शिफारसपत्रे दिली, आणि तीही इतक्या सढळ हाताने की कार्थेजचा बिशप सिप्रियान याला त्यांना आवरावे लागले. पश्चात्ताप पारखून मगच घ्यावे, असे त्याचे मत. तो स्वतः त्या छळात लपून राहिला होता. पुढे 258 मध्ये मात्र तोच शिरच्छेदाला सामोरा गेला.

योहानाच्या शुभवर्तमानाचे भाषांतर तपासताना मी 'अंथ्राकिया' या ग्रीक शब्दापाशी थांबलो होतो. अर्थ, निखाऱ्यांचा विस्तव. नव्या करारात तो दोनदाच येतो. अठराव्या अध्यायात, त्या विस्तवाशी शेकत पेत्र प्रभूला नाकारतो. एकविसाव्यात, पुनरुत्थित प्रभू किनाऱ्यावर तसाच विस्तव पेटवून शिष्यांची वाट पाहतो. मी एके ठिकाणी 'शेकोटी' व दुसरीकडे 'चूल' लिहिले होते. मराठी छान वाटत होते, पण दोन्ही शब्द खोडले. तोच धूर पेत्राच्या नाकात गेला असला पाहिजे. प्रभूने त्याला त्या रात्रीचा विसर पडू दिला नाही. तीनदा विचारले, आणि मेंढरे त्याच्याच हाती सोपवली.

हे सारे मी त्या भगिनीला सांगितले नाही. एवढेच विचारले, "बाई, जे टिकून राहिले त्यांना कोणी हा प्रश्न विचारला आहे का?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आमच्यातलं तिकडे गेलंय कोण?"

मीही गेलो नव्हतो.