सेवा कोणाची, कर्तव्य कोणाचे?

आषाढी वारी आटोपून पालख्या परतीच्या मार्गास लागतात आणि पंढरपुरी चंद्रभागेच्या वाळवंटात पत्रावळी, प्लास्टिकच्या पिशव्या व जुनी वस्त्रे मागे उरतात. गावातील स्वयंसेवक खराटे व घमेली घेऊन ती उचलतात. अशा वेळी प्रश्न पडतो : स्वच्छता करणाऱ्यास सेवेचे पुण्य लाभत असेल, तर घाण करणाऱ्याच्या पदरी काय पडते? दुसरा उचलील या भरवशावर कचरा टाकणे, हा त्या सेवेचा अनादरच नव्हे काय?

संत गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात येताच खराटा हाती घेत. दिवसा रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनातून मनांवरील जळमटे दूर करीत. केवळ झाडणे पुरेसे असते, तर कीर्तनाची गरजच उरली नसती. झाडलेला रस्ता स्वच्छ राहावा यासाठी आधी माणूस बदलावा लागतो.

वृक्षारोपणाचेही तसेच आहे. पावसाळ्यात लावलेले वड, पिंपळ वा कडुनिंबाचे रोप पहिल्या दोन-तीन उन्हाळ्यांत पाण्यावाचून जळून जाते. लावणारे हात अनेक असतात. वैशाखात कळशी घेऊन येणारे थोडे. रोप लावणे हा संकल्प होय, ते जगविणे ही त्याची पूर्तता.

यास्तव प्रत्येक भाविकाने आपली पत्रावळ स्वहस्ते कचराकुंडीत टाकावी, वाटेवरील रोपास तांब्याभर पाणी घालावे. तीर्थाचे पावित्र्य येणाऱ्यांच्या आचरणावरही अवलंबून असते. स्वयंसेवकाचे काम हलके होणे, हीच त्याच्या सेवेप्रती खरी कृतज्ञता होय.